राष्ट्रीय ग्रंथालय आणि आपल्या पुस्तिका : कायदा काय सांगतो, आपण काय करतो

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारांच्या याद्या आहेत. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन अशा मोठ्या विषयांच्या संघसूचीत ६२ व्या क्रमांकावर एका ग्रंथालयाचे नाव येते. घटना लागू झाली त्या वेळी ‘राष्ट्रीय ग्रंथालय’ म्हणून ओळखली जाणारी संस्था, भारतीय वस्तुसंग्रहालय आणि व्हिक्टोरिया मेमोरियल यांच्यासारख्या संस्थांसोबत, केंद्राच्या जबाबदारीत टाकण्यात आली आहे. आपण सरनामा सामुदायिक वाचतो, मूलभूत हक्कांवर व्याख्याने ठेवतो. ही नोंद मात्र सहसा कोणी उघडून पाहत नाही.

हे ग्रंथालय कोलकात्यात अलीपूर भागात बेल्व्हेडिअर या जुन्या वास्तूच्या आवारात आहे. देशातले हे सर्वांत मोठे ग्रंथालय असून त्यात वीस लाखांहून अधिक पुस्तके आहेत. देशात छापले गेलेले प्रत्येक पुस्तक, कोणत्याही भाषेतले, इथे एका प्रतीच्या रूपाने तरी जपले जावे अशी कायद्याची अपेक्षा आहे. मराठीसाठी तिथे स्वतंत्र विभाग आहे. संस्कृत, पाली आणि प्राकृत ग्रंथांसाठीही विभाग आहे.

मग साधा प्रश्न पडतो. भीमजयंतीला निघणाऱ्या स्मरणिका, दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिका, भीमगीतांचे संग्रह, धम्म परिषदांचे वृत्तांत, एखाद्या शिक्षकाने स्वखर्चाने छापलेले आत्मकथन, यांतले तिथे किती पोहोचते? त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी हे ग्रंथालय कसे घडले आणि कायदा नेमका काय आहे ते पाहावे लागेल.

आत कोणाला बसता येत होते

कोलकात्यात १८३६ साली ‘कलकत्ता पब्लिक लायब्ररी’ स्थापन झाली. ती सरकारी नव्हती. तीनशे रुपये भरणाऱ्यांना मालकी सभासद मानले जाई आणि पहिले मालकी सभासद होते द्वारकानाथ टागोर. त्या काळात तीनशे रुपये म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची रक्कम. गव्हर्नर जनरल मेटकाफ यांनी फोर्ट विल्यम कॉलेजच्या ग्रंथसंग्रहातील ४,६७५ खंड या ग्रंथालयाला दिले.

१८९१ मध्ये कोलकात्यातील सचिवालयाची वेगवेगळी ग्रंथालये एकत्र करून ‘इंपीरियल लायब्ररी’ तयार झाली. ती वापरण्याची मुभा वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांपुरती होती. पुढे लॉर्ड कर्झन यांनी ही दोन्ही ग्रंथालये एकत्र आणली आणि ३० जानेवारी १९०३ रोजी मेटकाफ हॉलमध्ये इंपीरियल लायब्ररी जनतेसाठी खुली झाली. पहिले ग्रंथपाल जॉन मॅकफार्लेन ब्रिटिश म्युझियममधून आले होते. त्यांच्यानंतर १९०७ मध्ये हरिनाथ डे हे पहिले भारतीय ग्रंथपाल झाले. अनेक देशी-विदेशी भाषांचे ते जाणकार होते. गोव्याहून निघून पालीच्या शोधात श्रीलंकेपर्यंत गेलेले आपले धर्मानंद कोसंबी याच सुमारास कोलकात्यात पाली शिकवत होते, हे सहज आठवले म्हणून नोंदवतो.

कर्झन यांच्या कल्पनेतले ग्रंथालय भारताविषयी लिहिल्या गेलेल्या पुस्तकांचे भांडार होते. म्हणजे राज्यकर्त्याला आणि अभ्यासकाला हा देश समजून घ्यायला लागणारी सामग्री. भारतात कोण काय लिहितो, छापतो, ते सगळे जमा करणे हा त्यामागचा मूळ हेतू नव्हता. समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर इथला माणूस त्या कपाटांत अभ्यासाचा विषय म्हणून आला होता, लेखक म्हणून क्वचितच.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कायद्याने नाव बदलून ‘राष्ट्रीय ग्रंथालय’ झाले. संग्रह बेल्व्हेडिअरला हलवला गेला आणि १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना अबुल कलाम आझाद यांनी ते जनतेसाठी खुले केले. बी. एस. केशवन हे स्वतंत्र भारतातले त्याचे पहिले ग्रंथपाल. आशुतोष मुखर्जी यांचा प्रचंड खासगी संग्रह १९४९ मध्ये त्यांच्या वारसांनी दिला, मराठ्यांच्या इतिहासासाठी ज्यांचे नाव घ्यावेच लागते त्या जदुनाथ सरकार यांची ग्रंथसंपदाही इथेच आली. २००४ मध्ये ‘भाषा भवन’ ही नवी इमारत झाली.

१९५४ चा कायदा : बारा पानांची पुस्तिकाही पुस्तकच

खरा बदल इमारतीने झाला नाही, एका छोट्या कायद्याने झाला. १९५४ च्या मे महिन्यात ‘पुस्तके (सार्वजनिक ग्रंथालयांना) देण्याबाबतचा कायदा’ लागू झाला. इंग्रजीत तो ‘डिलिव्हरी ऑफ बुक्स अॅक्ट’ म्हणून ओळखला जातो. १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन त्यात वर्तमानपत्रेही आली.

कायदा वाचायला सोपा आहे. भारतात प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने, प्रसिद्धीपासून तीस दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यायची. याशिवाय आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत द्यायची : चेन्नईचे कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. राष्ट्रीय ग्रंथालयाला जाणारी प्रत सर्वांत चांगल्या कागदावरची, पूर्ण, चित्रे-नकाशांसह आणि नीट बांधलेली असावी. बाकी तिघांना नेहमीच्या विक्रीची प्रत चालते. प्रत मिळाल्यावर ग्रंथालयाने लेखी पावती द्यायची. मजकुरात काहीच बदल न करता काढलेल्या पुढच्या आवृत्तीची प्रत द्यावी लागत नाही.

आमच्या दृष्टीने या कायद्यातला सर्वांत मोलाचा भाग त्याच्या व्याख्येत आहे. ‘पुस्तक’ म्हणजे कोणत्याही भाषेतील ग्रंथाचा प्रत्येक खंड, खंडाचा भाग आणि पुस्तिका. स्वतंत्र छापलेले संगीताचे पान, नकाशा, आराखडा हेही त्यात येते. पानांची किमान संख्या नाही. किंमत किती असावी, प्रकाशक नोंदणीकृत कंपनी असावी का, लेखकाची पदवी काय, याबद्दल एक शब्द नाही. पुण्या-मुंबईच्या नामवंत प्रकाशनाचा आठशे पानांचा ग्रंथ आणि वस्तीतल्या मंडळाने काढलेली बारा पानांची पुस्तिका या दोघांना कायदा एकाच मापाने मोजतो. लेखकाने स्वतःच छापले असेल तर प्रकाशक तोच, आणि प्रत पाठवण्याची जबाबदारीही त्याचीच. सरकारी प्रकाशनेही यातून सुटलेली नाहीत, केवळ कार्यालयीन वापरासाठी असलेली तेवढी वगळली आहेत.

या कायद्यापूर्वी काय होते? १८६७ चा छापखाने व पुस्तक नोंदणी कायदा. छापलेल्या पुस्तकाच्या प्रती प्रांतिक सरकारकडे जात, त्यांच्या तिमाही याद्या निघत आणि काही प्रती लंडनला पोहोचत. १८५७ नंतर दहा वर्षांनी आलेल्या या कायद्यामागे जपणुकीइतकीच पाळतही होती, हे सांगायला नको. तरी एकोणिसाव्या शतकातली कितीतरी मराठी पुस्तके आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सापडतात ती या व्यवस्थेमुळेच. सरकारला जे नोंदवावेसे वाटले ते उरले. २०२३ च्या नव्या कायद्याने १८६७ चा कायदा रद्द केला आणि नवा कायदा नियतकालिकांपुरताच आहे. त्यामुळे पुस्तकांची प्रत जपली जाण्यासाठी आज आपल्या हातात १९५४ चा कायदाच उरतो.

१९५४ च्या कायद्याचा दुबळेपणाही सांगितला पाहिजे. प्रत न पाठवल्यास दंड आहे पन्नास रुपयांपर्यंत, अधिक पुस्तकाची किंमत. १९५४ मध्ये पन्नास रुपये ही रक्कम होती, आज त्यात चार प्रतींचे टपालही होणार नाही. तक्रारही केंद्र सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यालाच करता येते. त्यामुळे प्रत्यक्षात पाठवणारे पाठवतात, न पाठवणाऱ्यांना कोणी विचारत नाही. मोठ्या प्रकाशकांकडे त्यासाठी माणूस असतो. छोट्यांकडे नसतो. कायदा सर्वांना समान असला तरी कपाटातली जागा समान राहत नाही, ती इथे बिघडते.

या प्रतींमधून आणखी एक गोष्ट तयार होते, ती म्हणजे ‘भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची’. ती कोलकात्याच्याच केंद्रीय संदर्भ ग्रंथालयाकडून १९५८ पासून निघते. देशात कोणत्या भाषेत काय प्रसिद्ध झाले याची ही अधिकृत यादी. तिचा आधार कायद्याखाली आलेल्या प्रती. म्हणजे प्रत गेली नाही तर पुस्तक कपाटातही नसते आणि यादीतही नसते. पुढचा संशोधक यादीवरून सुरुवात करतो. यादीत नसलेल्या पुस्तकाचा तो शोधही घेणार नाही, कारण ते होते हेच त्याला कळणार नाही.

आपल्याकडे काय होते, काय उरले

फुले-आंबेडकरी चळवळीचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात छोट्या छपाईचा इतिहास आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’, पुढे ‘समता’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून ‘प्रबुद्ध भारत’. या पत्रांना जाहिराती नव्हत्या, वर्गणीदार गरीब होते, अंक हातोहात फिरत आणि एक जण वाचून दाखवी, दहा जण ऐकत. असा अंक जपून ठेवण्यासाठी नसतो, वापरून झिजण्यासाठी असतो.

१९७९ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. वसंत मून यांनी पुढे वर्षानुवर्षे हे काम केले. ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचे अंक १९९० मध्ये एकत्र छापले गेले. हे काम शक्य झाले ते कार्यकर्त्यांनी आणि अभ्यासकांनी घराघरांतून जुने अंक, पत्रे, पत्रके गोळा केली म्हणून. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या पुस्तकासाठी चळवळीतल्या स्त्रियांपर्यंत स्वतः जाऊन, त्यांच्या तोंडून इतिहास गोळा करावा लागला. कागदावर त्या बायांची नोंद फारच थोडी होती.

एक प्रत टिकली तर काय होते याचे उदाहरण ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकाचे आहे. ते १८८२ मध्ये छापले गेले. त्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. नंतर पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले आणि आज भारतातल्या स्त्रीमुक्तीच्या विचारावर बोलताना ते टाळता येत नाही. त्र्याण्णव वर्षे ते पुस्तक कुठेतरी कोणाच्या तरी कपाटात तग धरून होते. सगळ्यांचे नशीब असे नसते.

आम्ही शहरातल्या वस्त्यांमध्ये काम करतो. ज्येष्ठ कार्यकर्त्यांकडे जाणे होते तेव्हा बोलता बोलता पलंगाखालची पत्र्याची पेटी बाहेर निघते. अशा एका पेटीत आम्ही काय पाहिले ते सांगतो. नामांतराच्या लढ्यातील पत्रके, जयंती मंडळाची जुनी पावती पुस्तके, एका कव्वालाच्या गाण्यांच्या तीन पुस्तिका, बौद्ध विवाहविधीची पुस्तिका, सहा-सात स्मरणिका, आणि आता बंद पडलेल्या दोन साप्ताहिकांचे सुटे अंक. निम्म्या पुस्तिकांवर प्रकाशनाचे साल नव्हते. गाण्यांच्या पुस्तिकेवर छापखान्याचे नाव होते, प्रकाशकाचे नव्हते. टाचण्या गंजून कागदात तपकिरी भोके पडली होती. पेटीचा मालक जिवंत होता, म्हणून पेटीही होती. दुसऱ्या एका घरी आम्ही पोहोचलो तेव्हा बाबांना जाऊन वर्ष झाले होते आणि घर रंगवताना सगळे रद्दीत गेले होते. मुलाने ते वाईट हेतूने केले नव्हते. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसे राहतात, तिथे जुन्या कागदांना जागा कोण देणार?

नागपूर आणि मुंबईच्या पुस्तक स्टॉलवर आम्ही काही छोट्या प्रकाशकांना १९५४ च्या कायद्याबद्दल विचारले. बहुतेकांनी तो ऐकलाच नव्हता. दोघांचा समज असा होता की आयएसबीएन क्रमांक घेतला की सरकारकडे नोंद झाली. हा गैरसमज सर्वत्र आहे म्हणून स्पष्ट लिहितो. आयएसबीएन हा पुस्तकाला ओळख देणारा क्रमांक आहे. तो घेतल्याने प्रत ग्रंथालयात जात नाही. कॉपीराइटची नोंदणी हीही वेगळी गोष्ट आहे. ग्रंथालयाची प्रत आपण स्वतः पाठवली तरच पोहोचते.

कोणी म्हणेल, आता सगळे मोबाइलवर आहे, पीडीएफ फिरते, कपाटातल्या प्रतीचे काय कौतुक? पीडीएफ फिरते तोपर्यंत फिरते. दहा वर्षांपूर्वीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली फाइल आज शोधून पाहावी. शिवाय १९५४ चा कायदा छापील साहित्याचा आहे, फोनवरच्या फाइलची प्रत तो मागत नाही. स्कॅन करणे चांगलेच, पण ते प्रतीला पर्याय म्हणून नाही, प्रतीच्या जोडीला हवे.

एकाच ठिकाणी का नाही

तथागतांचा उपदेश पालीत आज आपल्याला वाचता येतो तो श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड, कंबोडिया अशा वेगवेगळ्या देशांत भिक्खूसंघाने त्याच्या प्रती पुन्हा पुन्हा लिहिल्या आणि जपल्या म्हणून. ज्या भूमीवर तो सांगितला गेला तिथून तो जवळजवळ नाहीसा झाला होता आणि कोसंबींना तो शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला. अनेक ठिकाणी प्रती असणे हीच जपणूक, हे आपल्या परंपरेला नव्याने शिकवावे लागू नये.

उलट उदाहरणही बौद्ध देशातलेच आहे. कंबोडियाचे राष्ट्रीय ग्रंथालय नॉम पेन्हमध्ये १९२४ मध्ये सुरू झाले. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज राजवटीत तिथली पुस्तके बाहेर फेकली गेली, नष्ट केली गेली, आवारात डुकरे पाळली गेली. १९९२ च्या ऑगस्टमध्ये सारायेव्होतील बोस्नियाचे राष्ट्रीय ग्रंथालय तोफांच्या माऱ्यात जळाले. ज्यांना एखादा समाज पुसून टाकायचा असतो ते ग्रंथालयाला विसरत नाहीत. आपल्या कायद्याने एका पुस्तकाच्या चार प्रती चार दिशांच्या चार शहरांत ठेवायला सांगितल्या आहेत. आग, पूर, दंगल, वाळवी यांपैकी काहीही एका वेळी चारही ठिकाणी पोहोचणे कठीण.

कागदाचा प्रश्न

जुन्या पोथ्या तीनशे वर्षे टिकतात आणि १९७० ची पुस्तिका हातात घेतली की तुकडे पडतात, असे का? दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणी हाताने होणारा कागद चिंध्या आणि तंतूंचा होता. स्वस्त पुस्तिकांसाठी वापरला जाणारा न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातले लिग्निन हे द्रव्य उजेडात आणि हवेत पिवळे पडते आणि कागदातले आम्ल तंतूंना आतून तोडत राहते. ग्रंथालयाच्या संवर्धन विभागात यावर उपाय होतात : आम्ल काढून टाकणे, पानाला पातळ टिश्यूचा आधार देणे, कीटकनाशक धुरी, मायक्रोफिल्म आणि स्कॅनिंग. हे घरी जमणारे नाही. विहारातल्या वाचनालयात मात्र काही गोष्टी सहज करता येतात. गंजलेल्या टाचण्या हळूच काढाव्यात आणि सुती दोऱ्याने शिवावे. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये, त्याचा डिंक काही वर्षांत कागद खातो. प्लास्टिकचे लॅमिनेशनही करू नये, ते नंतर काढता येत नाही. कपाट भिंतीला टेकवू नये आणि पावसाळ्यानंतर एकदा सगळे बाहेर काढून सावलीत वारा द्यावा.

प्रत पाठवायची ती अशी

पुस्तक किंवा पुस्तिका छापतानाच पहिल्या किंवा मागच्या पानावर प्रकाशनाचे साल, गाव, प्रकाशकाचे नाव आणि पत्ता, छापखान्याचे नाव आणि किंमत छापावी. विनामूल्य असेल तर तसे छापावे. साल नसलेली पुस्तिका ग्रंथपालाला सूचीत नीट बसवता येत नाही आणि संशोधकाला उद्धृत करता येत नाही. स्मरणिकेवर ‘१३३ वी जयंती’ एवढेच असते. तिथे इसवी सनही छापावा.

हजार प्रती छापायच्या असतील तर चार प्रती पहिल्याच दिवशी बाजूला काढाव्यात. विक्री सुरू झाली की त्या उरत नाहीत, हा आमचा अनुभव आहे. कोलकात्याचा पत्ता : राष्ट्रीय ग्रंथालय, बेल्व्हेडिअर रोड, अलीपूर, कोलकाता ७०००२७. सोबत एका कागदावर पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, साल, पृष्ठे आणि किंमत लिहावी आणि ‘१९५४ च्या कायद्यानुसार प्रत’ असा उल्लेख करावा. शीर्षक आणि लेखकाचे नाव रोमन अक्षरांतही लिहून द्यावे, कारण राष्ट्रीय ग्रंथसूची रोमन लिपीत तयार झाली आहे आणि मराठी नावांची स्पेलिंगे तिथे वेगळीच होऊन बसतात. जुने पुस्तक सूचीत शोधतानाही हे लक्षात ठेवावे. एका स्पेलिंगने सापडले नाही म्हणून पुस्तक नाही असे समजू नये.

मुंबईची प्रत हातोहात देता येते. राज्य मध्यवर्ती ग्रंथालय फोर्टमध्ये टाऊन हॉलच्या इमारतीत आहे. सहा डिसेंबरला राज्यभरातून प्रकाशक आणि लेखक दादरला येतात, तिथून फोर्ट लोकलने अर्ध्या तासाच्या आत आहे. जाण्याआधी ग्रंथालयाचा सुट्टीचा दिवस तेवढा विचारून घ्यावा. साप्ताहिक, पाक्षिक किंवा मासिक काढणाऱ्यांनी प्रत्येक अंक निघाल्याबरोबर पाठवायचा असतो, वर्षअखेरीचा गठ्ठा नव्हे.

मिळालेली पावती फाइलला लावावी. दोन महिन्यांत पावती आली नाही तर पत्र लिहून विचारावे, कायद्याने ती देणे बंधनकारक आहे. मंडळांनी एका कार्यकर्त्याकडे हे काम नाव घेऊन सोपवावे. ‘सगळ्यांनी मिळून करू’ म्हटलेले काम कोणाचेच राहत नाही, हे जयंतीच्या हिशेबापासून आपल्याला माहीत आहे.

जुन्या पुस्तिकांचे काय? तीस दिवसांची मुदत उलटून चाळीस वर्षे झाली तरी एखादी प्रत देणगी म्हणून देण्याबाबत ग्रंथालयाशी पत्रव्यवहार करता येतो. जदुनाथ सरकारांचा संग्रहही देणगीनेच गेला. हाताने लिहिलेली पत्रे, डायऱ्या, सभांची इतिवृत्ते, पावती पुस्तके हे या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. अशा खासगी कागदपत्रांचे संग्रह दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार स्वीकारते. पेटीत एखाद्या पुस्तिकेच्या दोन प्रती असतील तर एक पाठवावी. एकच असेल तर आधी सपाट ठेवून, चांगल्या उजेडात, प्रत्येक पानाचा फोटो काढावा, मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडू नये. कारण साल बहुतेक वेळा मलपृष्ठावरच्या जाहिरातीतून कळते. ती पुस्तिका कोणाकडे होती, कोणत्या गावात मिळाली, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवावे.